साउंड ब्लास्टर म्हणून घेतलेलं कार्ड

गेल्या महिन्यात घराचा माळा साफ करायला काढला. भंगारवाला दारात काटा घेऊन बसला होता. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. त्यामुळे आमच्याकडचा भंगारवाला धातूच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. तो भांड्यावर नखाने टिचकी मारतो, आवाज ऐकतो, कानशीने एक ओरखडा काढतो आणि सांगतो, हे पितळ, हे कासं, हे नुसतं पाणी दिलेलं लोखंड. भांड्यावर कोणाचं नाव कोरलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

माळ्यावरून एक खोका निघाला. त्यात जुने रॅम, फ्लॉपी ड्राइव्ह, एक मोडेम आणि हिरवट रंगाचं हातभर लांबीचं एक कार्ड होतं. भंगारवाल्याने ते उचललं, कडेच्या सोनेरी पट्ट्या पाहिल्या आणि किलोच्या भावात टाकायला निघाला. मी ते परत मागून घेतलं. तो हसला. म्हणाला, 'भाऊ, याचं काय करता आता? कोणत्याच कंप्युटरले लागत नाही हे.' त्याचं खरं होतं. पण त्या कार्डाशी माझा एक जुना हिशोब बाकी होता.

१९८६ साली पवनीला माझ्या खालाचं लग्न झालं. लग्नघरात रात्री बायका ढोलक घेऊन बसल्या. मधोमध नानी होती. मामूने नवीन टेपरेकॉर्डर आणला होता. त्याने न सांगता बटण दाबलं आणि साठ मिनिटांची कॅसेट भरली. नानी १९९३ साली गेली. तिचा आवाज असलेली ती एकच कॅसेट. २००१च्या हिवाळ्यात मी ती कॅसेट कंप्युटरवर उतरवली. घरात सगळ्यांना ऐकवली. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता, मागे सतत घरघर होती, आणि नानीने वरचा सूर लावला की तो फाटत होता. मी अम्मीला सांगितलं, 'कार्ड डुप्लिकेट निघालं. साउंड ब्लास्टर म्हणून घेतलं होतं.' कॅसेट कपाटात ठेवून दिली. चांगलं कार्ड आलं की पुन्हा करू, असं ठरलं.

ते पुन्हा कधी झालं नाही. ३० आणि ३१ ऑगस्ट २०२०ला वैनगंगेचं पाणी शहरात शिरलं. आमच्या खालच्या खोलीत कमरेइतकं पाणी होतं. कॅसेटचं कपाट त्याच खोलीत होतं. गाळातून काढलेली फीत एकमेकांना चिकटून गेली होती. आता नानीचा आवाज म्हणून जे काही उरलं आहे, ते २००१ची ती फाइल.

म्हणून या कार्डाची नीट ओळख करून घ्यायची ठरवलं. वीस वर्षं ज्याला दोष दिला, ते नेमकं होतं काय? हा शोध घेताना साउंड कार्डांचा सगळा इतिहासच वाचून काढावा लागला. तो आपल्याकडे मराठीत फारसा कुणी मांडलेला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

मुका कंप्युटर

आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ला बाजारात आला. त्याला आवाज म्हणजे एक छोटा स्पीकर. त्यामागे इंटेलची ८२५३ ही टायमर चिप होती. ती ठरावीक वेगाने वीज चालू-बंद करायची आणि स्पीकर 'बीप' करायचा. कार्यालयातल्या हिशोबाच्या यंत्राला याहून जास्त काही बोलायची गरज नाही, असा तेव्हाचा समज होता.

हा समज मोडला तो दोन गावांतून. एक कॅनडातलं क्युबेक आणि दुसरं सिंगापूर.

क्युबेकमध्ये मार्टिन प्रेव्हेल नावाचे संगीताचे प्राध्यापक होते. लावाल विद्यापीठात शिकवलेल्या या माणसाने ॲड लिब ही कंपनी काढली आणि १९८७ साली पीसीत बसवायचं संगीत कार्ड आणलं. त्या कार्डाचा जीव म्हणजे जपानच्या यामाहा कंपनीची वायएम३८१२ ही चिप. तिलाच ओपीएल२ म्हणतात. या चिपमध्ये रेकॉर्ड केलेला कोणताही आवाज नसतो. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या हलवायची आणि त्यातून नवा स्वर घडवायचा, अशी तिची रीत. याला एफएम संश्लेषण म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार जॉन चाउनिंग यांना १९६७ साली ही रीत सापडली. तिचा परवाना यामाहाने घेतला. १९७७ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. १९८३ साली आलेला यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर याच रीतीवर चालतो. ऐंशीच्या दशकातल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत जो काचेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो, त्याच जातीचा हा आवाज.

ओपीएल२ एका वेळी नऊ स्वर वाजवू शकत होती. खेळांना संगीत मिळालं. पण या कार्डाला माणसाचा आवाज काढता येत नव्हता. ते वाजवू शकत होतं, बोलू शकत नव्हतं.

सिंगापूरचं दुरुस्तीचं दुकान

सिम वाँग हू यांनी १ जुलै १९८१ला, म्हणजे आयबीएमच्या पीसीच्या सहा आठवडे आधी, सिंगापूरच्या चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटरमध्ये कंप्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. त्याचं नाव क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. सिम हे पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेले, हार्मोनिका वाजवणारे गृहस्थ.

१९८६ साली त्यांनी क्युबिक सीटी नावाचा कंप्युटर बनवला. त्याला चिनी लिपी येत होती, रंगीत चित्रं येत होती, आणि तो बोलू शकत होता. तो विकला गेला नाही. कंपनी अडचणीत आली. पण त्यातला आवाजाचा भाग वेगळा काढून त्यांनी १९८७ साली कार्ड म्हणून विकायला घेतला. तेच पुढे गेम ब्लास्टर या नावाने आलं. त्यावर फिलिप्सच्या एसएए१०९९ या दोन चिपा होत्या. ॲड लिबसमोर तेही टिकलं नाही.

१९८९ साली सिम यांनी तिसरा प्रयत्न केला. या वेळी त्यांनी ॲड लिबवर होती तीच यामाहाची चिप आपल्या कार्डावर लावली, म्हणजे ॲड लिबसाठी लिहिलेला प्रत्येक खेळ त्यावर चालणार. शिवाय ८ बिटांचा आवाज रेकॉर्ड करायची आणि वाजवायची सोय दिली. वर जॉयस्टिकचं पोर्ट फुकट दिलं. तेव्हा ते पोर्ट वेगळं विकत घ्यावं लागायचं. या कार्डाचं नाव साउंड ब्लास्टर.

१९९१ साली स्टीरिओ देणारं साउंड ब्लास्टर प्रो आलं. १९९२च्या जूनमध्ये १६ बिटांचं, सीडीच्या मापाचं रेकॉर्डिंग करणारं साउंड ब्लास्टर १६ आलं. त्याच वर्षी क्रिएटिव्ह अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाली आणि त्याच वर्षी ॲड लिबचं दिवाळं निघालं. सिम यांचं निधन ४ जानेवारी २०२३ला झालं. त्या दिवशी जगभरच्या लोकांनी जुन्या कार्डांचे फोटो टाकले होते.

'तू साउंड ब्लास्टर आहेस का?'

इथून पुढे 'साउंड ब्लास्टर' हे नाव एका कंपनीचं राहिलं नाही. आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा आणि फोटोकॉपी म्हणजे झेरॉक्स, तसं साउंड कार्ड म्हणजे साउंड ब्लास्टर. दुकानदार बिलावर तेच लिहायचे. त्यात फसवणूकच होती असं नाही. बोलीत तेच नाव रुळलं होतं.

डॉसच्या काळात प्रत्येक खेळ थेट कार्डाशी बोलायचा. त्यामुळे दुसऱ्या कुणी कितीही चांगलं कार्ड बनवलं, तरी ते साउंड ब्लास्टरसारखं वागलं नाही तर मुकंच राहायचं. कॅनडाच्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडचं १९९२ साली हेच झालं. त्याचा आवाज कितीतरी सरस होता. पण खेळ साउंड ब्लास्टर मागायचे आणि त्याला ती भाषा नीट येत नव्हती.

ही ओळखपरेड कशी चालायची ते पाहण्यासारखं आहे. साउंड ब्लास्टर साधारणपणे २२० या पत्त्यावर बसतं. हे आकडे सोळाच्या पायावरचे. खेळ २२६ या दारावर आधी १ लिहितो, मग ० लिहितो. म्हणजे 'जागा आहेस का?' असं विचारतो. कार्डाने २२ए या दारातून 'एए' असं उत्तर दिलं, की ते साउंड ब्लास्टर. मग 'ई१' हा हुकूम सोडला की कार्ड आपली आवृत्ती सांगतं. ३च्या घरातलं उत्तर आलं तर प्रो, ४च्या घरातलं आलं तर १६.

बाकीच्या कंपन्यांनी हे उत्तर पाठ केलं. अमेरिकेतली ईएसएस, तैवानची ॲव्हान्स लॉजिक, सिंगापूरचीच ॲझटेक, कॅलिफोर्नियाची ऑप्टी, सगळ्यांच्या चिपा 'एए' म्हणू लागल्या. खोक्यावर छापलं जाऊ लागलं, 'साउंड ब्लास्टर कंपॅटिबल'. यातली गंमत अशी की ईएसएसच्या चिपेला 'ई१' विचारलं तर ती ३.०१ असं प्रोचं उत्तर देते. पण तिलाच 'ई७' हा हुकूम सोडला तर ती ६८ आणि ८च्या घरातला एक आकडा देते, म्हणजे आपलं खरं कूळ सांगते. एकाच चिपेची दोन उत्तरं, कोणता प्रश्न विचारला त्यावर अवलंबून.

कार्ड कसं ओळखायचं

माझ्यासारखं एखादं कार्ड तुमच्याही माळ्यावर असेल, तर ते ओळखायची रीत सांगतो. खोका आणि बिल बाजूला ठेवा. भंगारवाल्यासारखं थेट वस्तूवर जा.

पहिलं म्हणजे कार्डाची कड पाहा. लांब, काळ्या खाचेत बसणारं, मोठ्या सोनेरी पट्ट्यांचं असेल तर ते आयएसए, साधारण १९९९पूर्वीचं. बारीक पट्ट्यांचं, पांढऱ्या खाचेतलं असेल तर पीसीआय.

दुसरं, सर्वात मोठी चौकोनी चिप शोधा. उजेड तिरका धरला की अक्षरं दिसतात. त्यावर बहुधा चार अंकी तारीख असते. ९७३४ म्हणजे १९९७ सालचा ३४वा आठवडा. कार्ड त्यानंतरच बनलेलं असणार.

तिसरं, अक्षरं वाचा. 'सीटी' आणि पुढे आकडे असले तर ते क्रिएटिव्ह. पण कार्डाचा क्रमांक आणि चिपेचा क्रमांक वेगळे असतात. सीटी२९४० हा कार्डाचा क्रमांक आहे आणि सीटी१७४७ हा चिपेचा. 'वायएमएफ' म्हणजे यामाहा. वायएमएफ२६२ म्हणजे ओपीएल३, जी ओपीएल२च्या दुप्पट म्हणजे १८ स्वर वाजवते. वायएमएफ७१९ म्हणजे सगळं पोटात घेतलेली नंतरची चिप, तिच्यात अस्सल ओपीएल३ आहे. 'सीएस४२' ने सुरू होणारी चिप टेक्ससमधल्या क्रिस्टलची. 'एएलएस' म्हणजे ॲव्हान्स लॉजिक. 'सीएमआय' म्हणजे तैवानची सी-मीडिया.

'ईएस'पाशी मात्र थांबा. इथे भलेभले फसतात. ईएस१६८८, ईएस१८६८, ईएस१९३८ या ईएसएसच्या चिपा. पण ईएस१३७० आणि ईएस१३७१ या एन्सोनिक नावाच्या वेगळ्याच कंपनीच्या. एन्सोनिकच्या संस्थापकांत बॉब यानेस होते, ज्यांनी कमोडोर ६४ या कंप्युटरची आवाजाची चिप बनवली होती. १९९८ साली क्रिएटिव्हने एन्सोनिक विकत घेतली आणि तिच्याच चिपा लावून साउंड ब्लास्टर नावाची पीसीआय कार्डं विकली. त्यातलं एक होतं 'साउंड ब्लास्टर १६ पीसीआय'. नाव १९९२च्या कार्डाचं, आत सगळं एन्सोनिकचं. म्हणजे खुद्द मूळ कंपनीच्या खोक्यावरचं नावही चिपेची ओळख सांगत नाही.

चौथं, चिपेवरचे शब्द पुसलेले असतील तर कार्डाच्या मागे अमेरिकेच्या एफसीसी या सरकारी संस्थेचा परवाना क्रमांक शोधा. त्याची पहिली तीन अक्षरं कंपनीची असतात. 'आयबीए' म्हणजे क्रिएटिव्ह, 'आय३८' म्हणजे ॲझटेक.

आता तुलना. डॉसच्या खेळांचं संगीत ऐकायचं असेल तर यामाहाची चिप असलेलं कार्ड सर्वात जवळचं. एफएमच्या पेटंटची मुदत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संपली. मग बाकीच्यांनी आपापली नक्कल बनवली. क्रिएटिव्हच्या नंतरच्या व्हायब्रा १६ कार्डांवर सीक्यूएम नावाची नक्कल आहे, ती कानाला जराशी पत्र्यासारखी लागते. ईएसएसची ईएसएफएम ही नक्कल मात्र यामाहाच्या इतकी जवळ आहे की सहसा फरक कळत नाही. १६ बिटांचा आवाज डॉसमध्ये थेट हवा असेल तर अस्सल साउंड ब्लास्टर १६च लागतं, कारण ईएसएसची चिप प्रोपर्यंतचीच भाषा बोलते. विंडोजमध्ये मात्र हा भेद उरत नाही. तिथे प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर असतो आणि ईएसएसचं कार्डही १६ बिटांत, ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करतं.

हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला.

माझं कार्ड

खिडकीत बसून मी चिप तिरकी धरली. ईएस१८६८एफ. तारीख ९७च्या वर्षातली. म्हणजे ईएसएस.

हे कार्ड मी १९९९ साली नागपूरच्या सीताबर्डीतून आणलं होतं. भंडाऱ्याहून एसटीने साठ किलोमीटर. त्याच वर्षी १ मेला गोंदिया जिल्हा आमच्यातून वेगळा झाला होता. खिशात ट्यूशनचे जमवलेले पैसे होते. क्रिएटिव्हचं कार्ड परवडणारं नव्हतं. दुकानदाराने दुसरं दाखवलं. मी विचारलं, 'साउंड ब्लास्टरच आहे ना?' तो म्हणाला, 'तेच समजा ना भाऊ, सगळं चालते त्याच्यावर.' आता वाटतं, त्याने खरं ते सांगितलं होतं. 'तेच समजा' याचा अर्थ मीच 'तेच आहे' असा घेतला.

ईएसएसचा इतिहास वाचल्यावर मला आणखी वरमायला झालं. या कंपनीचं मूळ नाव इलेक्ट्रॉनिक स्पीच सिस्टिम्स. १९८४ साली फॉरेस्ट मोझर आणि फ्रेड चॅन यांनी ती उभारली. मोझर हे बर्कलीचे अंतराळ-भौतिकीचे प्राध्यापक. माणसाचा आवाज अगदी थोड्या जागेत कसा मावेल, याची रीत त्यांनी सत्तरच्या दशकात शोधली. तिचा पहिला उपयोग झाला तो अंधांसाठी बनवलेल्या बोलत्या कॅल्क्युलेटरमध्ये. त्याचं नाव स्पीच प्लस. म्हणजे ज्या चिपेला मी वीस वर्षं डुप्लिकेट म्हणत आलो, तिचं घराणं यंत्राला माणसाचा आवाज देण्यातच मुरलेलं होतं.

मग नानीचा आवाज का बिघडला?

दोष कुठे होता

फाइल उघडून तिचे गुणधर्म पाहिले. ११,०२५ हर्ट्झ, ८ बिट, मोनो. विंडोज ९८मध्ये या मापाला 'टेलिफोन क्वालिटी' असं नाव होतं.

आता आठवलं. माझ्याकडे ४.३ जीबीची हार्ड डिस्क होती आणि ती भरत आलेली. सीडीच्या मापात आवाज साठवायचा तर एका मिनिटाला सुमारे १०.६ एमबी लागतात. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे ६३५ एमबी. टेलिफोनच्या मापात तीच कॅसेट ४० एमबीत बसते. मी ४० एमबीवालं निवडलं. ऐकायला आवाज येतोय ना, मग पुरे, असा विचार केला.

त्या निवडीचा अर्थ आज कळतो. सेकंदाला ११,०२५ नमुने घेतले तर त्याच्या निम्म्याच्या वरचा, म्हणजे साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचा कोणताही आवाज नोंदला जात नाही. ढोलक खालच्या पट्टीतलं, ते राहिलं. पण 'स' आणि 'श' यांची धार वरच्या पट्टीत असते, ती गेली. नानी ढोलकवर थाप मारताना तिच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. ते ऐकायला मी फाइल चारदा लावली. बांगड्या नाहीत. ८ बिट म्हणजे आवाजाच्या चढउताराच्या २५६ पायऱ्या, १६ बिट म्हणजे ६५,५३६. हळू आवाजात बायका मागून जे बोलल्या, हसल्या, ते त्या मोजक्या पायऱ्यांच्या खरखरीत बुडालं.

आणि वरच्या सुराला आवाज फाटत होता, त्याचं काय? कार्डाच्या मागच्या पत्र्यावर तीन छिद्रं आहेत. आज त्यांना गुलाबी, निळा, हिरवा असे रंग असतात. ते रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ या नियमावलीतून आले. माझ्या कार्डावर रंग नाहीत, पत्र्यावर दाबून काढलेली बारीक अक्षरं आहेत. टेपरेकॉर्डरची वायर मी माइकच्या छिद्रात घातली होती. माइकचा आवाज फार क्षीण असतो म्हणून त्या वाटेवर तो कितीतरी पट वाढवला जातो. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनमधून येणारा आवाज आधीच मोठा. तो आणखी वाढला आणि वरून कापला गेला. शेजारीच 'लाइन इन' होतं. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता, आणि मी कुणाला विचारलाही नाही. घरघरीचं कारण तर घरातच होतं. त्या खोलीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं.

म्हणजे कार्ड १६ बिटांत रेकॉर्ड करू शकत होतं, मी त्याला आठ दिले. ते ४४ हजार नमुने घेऊ शकत होतं, मी अकरा हजार मागितले. त्याच्याकडे योग्य दार होतं, मी चुकीचं उघडलं. आणि निकाल बिघडल्यावर खोक्यावरच्या नावाला दोष देऊन मोकळा झालो. तसं केलं नसतं तर मी त्याच हिवाळ्यात पुन्हा प्रयत्न केला असता. कॅसेट पुढे १९ वर्षं कपाटात शाबूत होती.

अम्मीला हे सांगावं की नाही, असा दोन दिवस विचार केला. मग सांगितलं. ती म्हणाली, 'आवाज तो है ना. पहचान में आती है.' तिने मोबाइलवर फाइल लावायला सांगितली आणि डोळे मिटून पूर्ण ऐकली.

कार्डं गेली, कॅसेटी उरल्या

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९७ साली इंटेलने एसी'९७ हे मानक आणलं. आवाजाचं बरंच काम मुख्य प्रोसेसरकडे गेलं आणि मदरबोर्डवर एक नखाएवढी चिप पुरेशी झाली. ॲव्हान्स लॉजिक ही कंपनी तैवानच्याच रिअलटेकमध्ये सामावली. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये 'एएलसी' अशी अक्षरं असलेली रिअलटेकची चिप असण्याची शक्यता मोठी आहे, ती अक्षरं तिथूनच आली. साउंड कार्ड वेगळं विकत घ्यायची गरज संपली. जी होती ती खोक्यात, माळ्यावर आणि तिथून काट्यावर गेली. सोनेरी पट्ट्यांसाठी ती वितळवली जातात. कोणत्या गावात कोणतं कार्ड पोचलं, लोकांनी त्यावर काय ऐकलं, काय रेकॉर्ड केलं, याची नोंद कुणी ठेवली नाही. आमच्या झाडीपट्टीत नाटकांच्या, भजनांच्या, कव्वालीच्या, लग्नांच्या किती कॅसेटी अशाच घाईत, चुकीच्या छिद्रातून, टेलिफोनच्या मापात उतरवल्या गेल्या असतील, देव जाणे.

म्हणून हा लेख वाचणाऱ्यांना एक विनंती. घरात कॅसेट असेल तर या वर्षी उतरवून घ्या. माइकमधून नको, लाइन इनमधूनच. लॅपटॉपला लाइन इन नसतं, त्यासाठी यूएसबीवर चालणारा छोटा डबा मिळतो. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटांच्या खाली जाऊ नका. आधी एक मिनिट उतरवा, वरचा सूर फाटत नाही ना ते ऐका, मग पूर्ण करा. फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि काम झालं तरी मूळ कॅसेट फेकू नका. ती वरच्या मजल्यावर ठेवा, नदीकाठच्या माणसांनी तर नक्कीच.

मी आता नातेवाइकांकडे फिरतो आहे. तुमसर, साकोली, पवनी, लाखनी इथून आतापर्यंत नऊ कॅसेटी गोळा झाल्या. त्यात नानी नाही. पण एका कॅसेटवर खालाच्या सासूबाई आहेत, त्यांच्या नातवंडांनी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. ती गेल्या आठवड्यात उतरवली. बांगड्यांसकट.

ईएस१८६८एफ माझ्या टेबलावर आहे. भंगारवाला पुन्हा विचारून गेला. त्याला पितळेचं एक फुटकं पातेलं दिलं. त्याने टिचकी मारून पाहिली आणि भाव सांगितला.